गर्भाशय, अंडाशय आणि स्त्रीचे मन

मराठी मुलखात बायका आपसांत बोलताना गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. 'तिची पिशवी काढली' एवढे सांगितले, की ऐकणारीला सारे समजते. तंजावूरकडे तमिळ भाषेत याच अवयवाला 'करुप्पै' असे नाव आहे. 'करु' म्हणजे गर्भ आणि 'पै' म्हणजे पिशवी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास ज्या कावेरीकाठच्या नगरीत मराठ्यांची गादी स्थापन केली आणि जेथे आजही काही घरांतून जुन्या वळणाची मराठी बोलली जाते, तेथे हे दोन्ही शब्द कानी पडावेत आणि दोहोंचा अर्थ एकच निघावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला मौजेची वाटेल. वैद्यकाच्या अभ्यासकाला मात्र ती थोडी काळजीची वाटते. पिशवी ही रिकामी झाली, फाटली किंवा तिची गरज संपली म्हणजे टाकून द्यावयाची वस्तू होय. ती टाकल्याने घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूला धक्का लागत नाही. गर्भाशयासंबंधीचे अनेक निर्णय आपल्या समाजात याच समजुतीने घेतले जातात.

याच्या अगदी उलट असा दुसराही एक समज जगात फार जुन्या काळापासून नांदत आला आहे. तो असा, की स्त्रीच्या मनाचे सारे विकार गर्भाशयातूनच उत्पन्न होतात. एक समज गर्भाशयाला काहीच महत्त्व देत नाही, तर दुसरा त्याच्याच माथी सर्व दोष मारतो. प्रस्तुत पुस्तिकेत या दोहोंच्या मधली वाट शोधावयाची आहे. प्रजननसंस्थेवरील शस्त्रक्रिया आणि शरीरातील संप्रेरकांचे चढउतार यांचा स्त्रीच्या मनाशी संबंध आहे, हे निर्विवाद. परंतु हा संबंध एकाच मार्गाने घडत नाही. एक मार्ग रक्तातून जातो आणि दुसरा तिच्या आयुष्यातून. कोणत्या स्त्रीच्या बाबतीत कोणता मार्ग, हे ओळखण्यात चूक झाली, तर तिचे दुःख खरे असूनही उपचार खोटा ठरतो.

'हिस्टेरिया' हा शब्द आपल्याला परिचित आहे. ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. प्लेटोच्या 'टायमिअस' या संवादात गर्भाशयाची कल्पना एखाद्या स्वतंत्र जिवासारखी केलेली आढळते. तो संतुष्ट नसला म्हणजे देहभर भटकतो आणि श्वास कोंडून नाना विकार उत्पन्न करतो, अशी ती कल्पना होती. आपल्या चरकसंहितेत योनिव्यापदांचे, म्हणजे स्त्रीच्या प्रजननावयवांच्या रोगांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. उन्मादाचे विवेचन मात्र तेथे निराळ्या अध्यायात येते आणि तेथे कारणे शोधली आहेत ती वातपित्तादी दोषांत व मनावरील आघातांत. ही विभागणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे इंग्रजी वैद्यकाची पुस्तके देशी भाषांत येऊ लागली, तेव्हा हिस्टेरियाला 'योषापस्मार' असा प्रतिशब्द रूढ झाला. योषा म्हणजे स्त्री. भाषांतर करणाऱ्याने हा शब्द वापरताना थोडे थबकावे, कारण हा विकार स्त्रीलाच होतो असा निवाडा त्या शब्दाच्या पोटातच दडलेला आहे. पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विकार पुरुषांनाही होतो, हे दाखवून दिले होते. अमेरिकन मनोवैद्यकांनी १९८० साली आपल्या रोगनामावलीतून हा शब्द रोगाचे नाव म्हणून काढून टाकला. लोकांच्या तोंडून मात्र तो अजून गेलेला नाही.

तंजावूरचे सरफोजीराजे दुसरे १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था काढून तेथे देशी व युरोपीय अशा दोन्ही वैद्यकांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला आणि नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. त्या नोंदी आजही सरस्वती महालात आहेत. रोग्याची उपचारापूर्वीची अवस्था काय होती आणि नंतरची काय झाली, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त पुढे आपल्या विषयातही किती महत्त्वाची ठरली, ते यथावकाश दिसेल.

सरफोजींच्याच काळात, १८०९ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील केंटकी प्रांतातील डॅनव्हिल या गावी एफ्रेम मॅक्डॉवेल या शल्यचिकित्सकाने जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातील अंडाशयाची प्रचंड गाठ कापून काढली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. गाठीचे वजन बावीस पौंडांहून अधिक भरले. ही स्त्री त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जगली. अशा रीतीने ज्या शस्त्रक्रियेचा आरंभ एका स्त्रीचा जीव वाचविण्यात झाला, तिचा पुढे काय उपयोग करण्यात आला हे पाहिले, म्हणजे मन खिन्न होते. १८७२ साली जॉर्जिया प्रांतातील डॉ. रॉबर्ट बॅटी यांनी निरोगी अंडाशये काढण्यास सुरुवात केली. पाळीच्या वेळचा त्रास, झटके, 'नसांचा अशक्तपणा', चिडचिड, औदासीन्य अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांवर हा उपाय करण्यात येई. युरोप व अमेरिकेतील शेकडो स्त्रियांना या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. काहींचा त्यात अंत झाला. वाचल्या त्यांपैकी कित्येकींना पूर्वीच्या तक्रारींखेरीज अंगाची लाही, घाम आणि अनिद्रा हे नवे त्रास जडले. मनाचा रोग म्हणून शरीराचा जो भाग कापला, त्याचे कार्य काय आहे हेच शल्यचिकित्सकांना त्या वेळी ठाऊक नव्हते.

ते कळू लागले १८९६ च्या सुमारास. व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यांनी सशांची अंडाशये मूळ जागेवरून काढून त्याच प्राण्यांच्या शरीरात दुसऱ्या ठिकाणी रोवली. अंडाशय साफ काढून टाकले, तर गर्भाशय आक्रसून जाते; पण ते शरीरात दुसरीकडे कोठेही जिवंत राहिले, तर गर्भाशय टिकते असे त्यांना आढळले. अंडाशय व गर्भाशय यांना जोडणाऱ्या नसा तर तुटलेल्या होत्या. तेव्हा हा परिणाम नसांच्या वाटे नव्हे, रक्ताच्या वाटे घडत असला पाहिजे. अंडाशय रक्तात काहीतरी सोडते, असाच याचा अर्थ झाला. अशा द्रव्यांना १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हे नाव दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे इस्ट्रोजन वर्गातील पहिले संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे महत्त्वाचे संप्रेरक १९३४ साली हाती आले.

आता या यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो आपल्याखाली लोंबणाऱ्या पोषग्रंथीला इशारा देतो, पोषग्रंथी अंडाशयाला देते आणि अंडाशय इस्ट्रोजन व प्रोजेस्टेरॉन रक्तात सोडते. ही संप्रेरके रक्तातून फिरून पुन्हा मेंदूत पोचतात व 'पुरे झाले' किंवा 'आणखी हवे' असा निरोप देतात. साखळी येथे बंद होते. गर्भाशय या साखळीतला हुकूम देणारा अवयव नव्हे, हुकूम झेलणारा आहे. संप्रेरके चढली म्हणजे त्याचे अस्तर वाढते, उतरली म्हणजे ते गळून पडते आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. परंतु तीच संप्रेरके मेंदूतही काम करीत असतात. झोप, शरीराचे उष्णतामान, स्मरण आणि मनाची प्रसन्नता यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूतील रसायनांवर इस्ट्रोजनचा प्रभाव पडतो. मनाशी रासायनिक नाते असेल, तर ते प्रामुख्याने अंडाशयाचे आहे, गर्भाशयाचे नव्हे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

केवळ संप्रेरकांचे प्रमाण कमी झाले म्हणून मन खचते, असे मात्र समजू नये. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास जाते. त्यानंतर प्रत्येकीच्या रक्तात इस्ट्रोजन अल्प असते, तरीही बहुसंख्य स्त्रिया औदासीन्याने ग्रासलेल्या नसतात. अडचणीचा असतो तो बदलाचा काळ, आणि तोही सर्वांना सारखा नसतो. तंजावूरच्या शेतकऱ्याला हा भेद उदाहरणाने सांगता येईल. मेट्टूर धरणाचे पाणी उन्हाळ्यात हळूहळू ओसरले, तर तो पीक त्या बेताने घेतो. तेच पाणी रोप हाताएवढे असताना एका रात्रीत बंद झाले, तर शेत करपते.

बदलाचेच महत्त्व दाखविणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. सोळा निरोगी स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी आठजणींना मागे एका बाळंतपणानंतर तीव्र औदासीन्य आले होते, आठजणींना ते कधीच आलेले नव्हते. औषधे देऊन सर्वांच्या रक्तातील इस्ट्रोजन व प्रोजेस्टेरॉन गरोदरपणात असते तसे वाढविले आणि मग एकदम थांबविले. शरीराला जणू प्रसूती झाल्याचा भास करून दिला. पहिल्या आठांपैकी पाचजणींचे मन पुन्हा ढासळले. दुसऱ्या आठांपैकी एकीचेही नाही. सर्वांच्या रक्तातील चढउतार सारखेच होते. निराळी होती ती त्या चढउतारांना प्रतिसाद देणारी मेंदूची घडण. 'माझ्या जावेला काही झाले नाही, मग तुलाच का होते?' असे ज्या घरांत विचारले जाते, त्या घरांना हा प्रयोग समजावून सांगण्यासारखा आहे.

पण बाळंतपणानंतरचे औदासीन्य सर्वस्वी संप्रेरकांवर लोटणेही तितकेच चुकीचे होईल. तमिळनाडूतील वेल्लोरजवळच्या खेड्यांतील स्त्रियांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर नव्याने औदासीन्य आलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा अकरा निघाले. त्यांच्यात ठळकपणे दिसलेली कारणे होती अल्प उत्पन्न, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी वा आईवडिलांशी बेबनाव, गरोदरपणी आलेली संकटे आणि घरात हाताखाली कोणी नसणे. त्याच वर्षी गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापसा येथील रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे सहा ते आठ आठवड्यांनी औदासीन्य आढळलेल्या स्त्रिया शेकडा तेवीस होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलीचा जन्म ही कारणे तेथेही पुढे आली. प्रसूतीनंतर संप्रेरके घसरतात ती मुलगा झाला तरी आणि मुलगी झाली तरी. मुलीच्या आईचे मन अधिक खचते, याचा जाब रक्ताला विचारता येणार नाही.

तंजावूरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली होती. १८०१ साली सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीला तेथे औषधपाणी व आहार मिळे आणि प्रसूतीनंतर तीन महिने राहण्याची मुभा असे. संप्रेरकांचा शोध लागण्यास तेव्हा अजून शंभर वर्षे होती. तरी वेल्लोरच्या यादीतील निदान एक कारण, हाताखाली कोणी नसणे, त्या तीन महिन्यांपुरते दूर होत असले पाहिजे.

आता शस्त्रक्रियांकडे वळू. सर्वसामान्य बोलण्यात 'बाईचे ऑपरेशन' या एका शब्दाखाली तीन अगदी निराळ्या गोष्टी गोळा होतात. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत गर्भनलिका बांधतात वा कापतात. अंडाशय व गर्भाशय दोन्ही जागेवर राहतात. दुसरीत गर्भाशय काढतात व अंडाशये ठेवतात. तिसरीत अंडाशयेही काढतात. पहिलीचा संप्रेरकांवर परिणाम होत नाही. दुसरीनंतर पाळी थांबते, तथापि अंडाशये आपले काम करीत राहतात, मात्र काहींच्या बाबतीत ती नैसर्गिक वेळेपेक्षा थोडी लवकर थकतात. तिसरीनंतर संप्रेरके दोन-चार दिवसांतच कोसळतात.

यांपैकी पहिली शस्त्रक्रिया तमिळनाडूत किती रुजली आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवरून (२०१९–२१) कळते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ५७.८ जणींवर ती झालेली होती. पुरुषांचे प्रमाण शेकडा ०.१ होते. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४९ होते. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही हे आकडे असे का, याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडणार नाही.

ही शस्त्रक्रिया संप्रेरकांना स्पर्श करीत नाही, म्हणून मनालाही करीत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तंजावूर जिल्ह्यातूनच १९९१ साली नागपट्टिनम हा किनाऱ्यालगतचा जिल्हा वेगळा करण्यात आला. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी समुद्राची महाकाय लाट तेथे आदळली आणि त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. मृतांत मुले फार होती. कोळीवाड्यांतील त्या मुलांच्या आयांपैकी अनेकींनी दोन किंवा तीन अपत्ये झाल्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. शासनाने सांगितले ते त्यांनी केले होते आणि त्यात वावगे काही नव्हते. परंतु घरातली सगळी मुले एका सकाळी गेल्यावर तीच शस्त्रक्रिया त्यांना निराळी दिसू लागली. आपल्या देहाचे दार आपणच लावून घेतले, असे कित्येकींना वाटले असल्यास नवल नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी जे समाधान होते, तेच आता दुःखाचे कारण झाले. संप्रेरके होती तशीच होती.

तमिळनाडू सरकारने त्यानंतर एक असामान्य निर्णय घेतला. ज्या मातांची मुले लाटेत गेली, त्यांच्या गर्भनलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा भार सरकारने उचलला आणि ती खासगी रुग्णालयात करून घेणाऱ्यांना पंचवीस हजार रुपयांचे साह्य देऊ केले. गर्भनलिका जोडणे हे नाजूक काम आहे. स्त्रीचे वय किती, पूर्वी नलिका कोठे कापली आणि तिचा किती भाग शिल्लक आहे, यांवर यश अवलंबून असते. काहींना पुन्हा मूल झाले, काहींना झाले नाही. झालेल्या मुलाने गेलेल्यांची जागा भरून निघते, असे मानण्याचे कारण नाही. तरीही या निर्णयाचे मोल मोठे आहे. या स्त्रियांच्या दुःखावर निव्वळ झोपेच्या गोळ्या पुरेशा नाहीत, त्यांना निवडीचा हक्क परत हवा आहे, ही गोष्ट त्या निर्णयाने मान्य केली. दुःखाचा मार्ग येथे अचूक ओळखला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एवढे मोठे संकट न येताही पश्चात्ताप होतो. अमेरिकेत या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांची चौदा वर्षांपर्यंत विचारपूस करणाऱ्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या तीस वर्षांच्या किंवा त्याहून लहान होत्या, त्यांच्यात पश्चात्ताप बोलून दाखविण्याचा संभव शेकडा २०.३ निघाला, तिशी उलटलेल्यांत तो शेकडा ५.९ होता. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया पंचविशीच्या आसपास उरकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तेव्हा हे आकडे आपल्याला परके समजता येत नाहीत.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७३ साली इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड्स यांनी आपल्या नोंदी तपासून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत औदासीन्य फार आढळते, असे मांडले. पुढल्या वर्षी त्यांनी या अवस्थेला एका स्वतंत्र विकाराचे नावही दिले. अनेकांना ते पटले. परंतु या स्त्रियांची मनःस्थिती शस्त्रक्रियेपूर्वी कशी होती, हे अशा मागाहून केलेल्या पाहणीत नीट कळत नाही. ऑक्सफर्डचे मनोवैद्य डॉ. डेनिस गॅथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मग उलट्या बाजूने आरंभ केला. अतिरक्तस्रावामुळे गर्भाशय काढावयाचे ठरलेल्या १५६ स्त्रियांना त्यांनी शस्त्रक्रियेआधीच तपासले आणि दीड वर्षाने पुन्हा तपासले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानसिक त्रास असलेल्या स्त्रियांचे प्रमाण आधी शेकडा ५८ होते, नंतर शेकडा २९ राहिले. म्हणजे त्रास शस्त्रक्रियेने उत्पन्न झाला नव्हता. महिनोन्‌महिने रक्त जाणे, त्यामुळे येणारा पांडुरोग, घराबाहेर पडण्याची चोरी, वेदना यांनीच ती स्त्री आधी खचलेली होती, आणि त्यातून सुटका झाल्यावर निम्म्याजणी सावरल्या. 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन्ही नोंदी ठेवण्याची सरफोजींच्या नेत्रवैद्यांची शिस्त येथे उपयोगी पडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

यावरून गर्भाशय काढल्याने मन सुधारतेच, असा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जुन्या वैद्यकीय नोंदींच्या आधारे स्त्रियांची अनेक वर्षांची वाटचाल तपासली आहे. पाळी जाण्यापूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत पुढील आयुष्यात औदासीन्य व चिंताविकार अधिक आढळल्याचे डॉ. वॉल्टर रोका व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले. नंतरच्या अभ्यासात अंडाशये राखून केवळ गर्भाशय काढलेल्यांतही हा धोका थोडा वाढलेला दिसला, आणि तो तरुण वयात शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक होता. खऱ्या रोगासाठी, योग्य वयात, समजून उमजून केलेली शस्त्रक्रिया आणि यांपैकी काहीही नसताना केलेली शस्त्रक्रिया या दोहोंना एकाच नावाने ओळखले जाते. घोटाळा तेथे होतो.

या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण पाहण्यासाठी तंजावूर सोडून महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात यावे लागते. बीडमधून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम त्या कोयत्याला हंगामापूर्वी उचल देतो आणि ती सहा महिने अंगमेहनतीने फेडावयाची असते. एक दिवस काम चुकले, की 'खाडा' पडतो. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. फडावर ना शौचालय, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. पाळीचे चार दिवस पाचटात वाकून ऊस तोडणे आणि मोळ्या डोक्यावर वाहणे म्हणजे काय, याची कल्पना वाचनालयात बसून येणे कठीण आहे. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा साध्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन या स्त्रिया दवाखान्यात गेल्या, तेव्हा पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कर्करोग होईल, असे भय त्यांतील अनेकींना घालण्यात आले. २०१९ साली हा प्रकार गाजल्यावर महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण जवळजवळ सहांत एक असे पडते. राष्ट्रीय पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

या स्त्रियांच्या बाबतीत मनाकडे जाणारे दोन्ही मार्ग एकत्र मिळतात. ज्यांची अंडाशयेही काढली गेली, त्यांच्यावर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सर्व परिणाम एकाएकी कोसळतात. अंगाची लाही होते, रात्रीची झोप उडते, हाडे दुखू लागतात, जीव घाबरा होतो, विनाकारण रडू येते. वास्तविक अशा तरुण वयात अंडाशये काढावी लागली, तर विशेष मनाई नसल्यास नैसर्गिकपणे पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजन औषधरूपाने द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु फडावर ते कोण देणार? त्यात शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावे लागते, ते फेडण्यासाठी जखम नीट भरण्यापूर्वीच कोयता हाती घ्यावा लागतो, आणि पाठ वाकेनाशी झाली म्हणजे घरचे म्हणतात, 'पिशवी काढली, आता हिला काय धाड भरली?' पिशवी या शब्दाची खरी किंमत येथे मोजली जाते.

बीडच्या प्रकरणानंतर तेथे खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच प्रकारांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना त्या सूचना तीन महिन्यांत अंगीकारण्यास सांगितले. अतिरक्तस्रावावर आज गोळ्या आहेत, गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन आहे, केवळ अस्तर काढण्याची पद्धत आहे. शस्त्रक्रिया हा पहिला उपाय राहिलेला नाही. मन खचलेल्यांसाठी समुपदेशन व औषधे आहेत, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी व तमिळ या दोन्ही भाषांत बोलता येते.

एक लहानशी गोष्ट मात्र कायद्यावाचूनही करता येण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक स्त्रियांना आपली अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत, हे ठाऊक नसते. पुढे दहा वर्षांनी झोप उडाली, छाती धडधडू लागली वा मन उदास राहू लागले, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो, आणि त्याच्या उत्तरावर उपचार इस्ट्रोजनचा करावयाचा की आणखी कशाचा, हे ठरते. रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद देतात, त्यावर हे लिहिलेले असते. तो बहुधा इंग्रजीत असतो. घरातल्या शाळकरी मुलाने वा मुलीने तो वाचून त्यातील ती एक ओळ आईला तिच्या भाषेत सांगावी आणि कागद शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवावा.